कोपराने पाहिलेलं पाणी

आई,

आपल्या घरी ऊन पाणी नव्हतं, हे मी इथे नॉटिंगहॅममध्ये कुणाला सांगितलं की लोक हळहळतात. त्यांना वाटतं, गरिबी. गरिबी तर होतीच. पण चीड आणणारी गोष्ट वेगळी होती. मिरजेतल्या निम्म्या बाळंतिणींना आणि त्यांच्या बाळांना तू रोज पहाटेपासून ऊन पाण्याने न्हाऊ घालायचीस. चार घरचे बंब पेटवायचीस. लोकांच्या न्हाणीघरातल्या वाफेने तुझं तोंड लाल व्हायचं, आणि दुपारी घरी येऊन पत्र्याच्या आडोशाला नळाच्या गार पाण्याचे चार तांबे अंगावर ओतून घ्यायचीस. जळण स्वयंपाकाला लागायचं. अण्णा साखर कारखान्यात हंगामी होते. मी पाचवीत असताना ते गेले आणि त्यांच्यामागे तेवढा आधारही गेला. थंडीत मी गार पाण्याला कुरकुर केली की तू म्हणायचीस, "गार पाण्यानं डोकं चालतंय. जा, अभ्यास कर."

केला अभ्यास. आपल्या घरात पहिली बी.एस्सी. मी, आणि खोटं कशाला बोलू, गल्लीतलीही पहिली मीच. मायक्रोबायॉलॉजी. तू सगळ्यांना सांगायचीस, "पाण्यातलं काहीतरी शिकलीया." मला असा राग यायचा. मग इथे एम.एस्सी.ला आले आणि पाणी तपासणाऱ्या एका लॅबमध्ये नोकरीला लागले. स्विमिंग पूल, केअर होमचे शॉवर, हॉस्पिटलचे नळ. बाटलीत पाणी घ्यायचं, तापमान मोजायचं, क्लोरीन बघायचं, फॉर्म भरायचा. म्हणजे पाण्यातलंच काहीतरी. तू केलेलं वर्णन बरोबर होतं. तुझं बरोबर असणं हीच तर माझी जन्माची डोकेदुखी.

तुला जाऊन आज बाविसावा दिवस. तेराव्यानंतर दोन दिवसांनी मी परत आले. फोनवर मेसेज येत राहतात. तुझी आई किती शांत, किती सोशिक, कुणाला उलटून बोलली नाही. ही कोण बाई होती मला माहीत नाही. मी ओळखते ती बाई अशी होती की, आपलं खरं करायचं असलं की आवाज वाढवायची नाही, 'बरं' म्हणायची. तुझ्या त्या 'बरं'ला मी जेवढी घाबरते तेवढी कुठल्या ऑडिटला घाबरले नाही.

आपलं एक भांडण अर्धवट राहिलंय. ते पुरं केल्याशिवाय मला दुसरं काही सुचत नाही, म्हणून लिहितेय.

चार वर्षांपूर्वी तू इथे आलीस तेव्हा ईरा पोटात होती, सातवा नुकताच लागला होता. त्याआधीचं एक राहिलं नव्हतं. चौथ्या महिन्यातच गेलं. तेव्हा तुझा व्हिसा झाला नाही, आणि फोनवर तू फक्त "जेवलीस का?" एवढंच विचारत राहिलीस. रोज, पंधरा दिवस. या वेळी मात्र तू सातव्यातच येऊन दाखल झालीस, आणि पहिल्या दिवशी आमची बाथरूम बघून दारातच उभी राहिलीस.

"ह्या हौदात बसायचं?"

"हो. पाणी भरायचं आणि बसायचं."

"आणि साबण?"

"त्यातच."

"म्हणजे मळ काढायचा, त्याच मळात बसायचं, आणि वरनं पुसून बाहेर यायचं." तू जरा विचार केलास. "आणि ह्यांनी आपल्यावर राज्य केलं."

त्या दिवसापासून तू टबात उभी राहून, किचनमधल्या मेजरिंग जगने पाणी अंगावर घ्यायला लागलीस. तो जग परत किचनमध्ये काही आला नाही. केक करायचा म्हणून संदीपने नवा आणला, तोही चार दिवसांनी बाथरूममध्ये. "एक गारचा, एक ऊनचा," असं तू त्याला समजावलंस. माझा नवरा हॉस्पिटलमध्ये दिवसभर लोकांचे एक्स-रे काढतो, त्याला समजावणं सोपं. तो मान हलवतो आणि फ्रिजच्या दाराआड जाऊन हसतो.

मग आला तो गुरुवार. आमच्या लॅबकडे एक नवं काम आलं होतं. नॉटिंगहॅमच्या बाहेर एका जुन्या लेस फॅक्टरीच्या तळमजल्यावर हारुको नावाच्या जपानी बाईने त्यांच्याकडे असतं तसं सार्वजनिक स्नानगृह काढलं होतं. गुरुवार फक्त बायकांचा. उघडण्याआधी नमुने घ्यायला मला जायचं होतं. तुला घरी एकटी ठेवायची सोय नव्हती. आदल्या आठवड्यात तू धुरी द्यायची तालीम म्हणून ओवा निखाऱ्यावर टाकला होतास आणि स्मोक अलार्म ऐकून शेजारचे दोघं दारात आले होते. म्हणून तुला गाडीत घेतलं. निघताना तू माझ्या डोक्यावर तेल थापायला बसलीस, "दोन जिवाच्या बाईनं कोरड्या डोक्यानं भाईर जाऊ नये," आणि मला उशीर झाला. हा उशीर लक्षात ठेव. पुढे लागणार आहे.

त्या स्नानगृहात शिरल्यावर तुझं तोंड बघण्यासारखं झालं. भिंतीला बुटके नळ, प्रत्येक नळापुढे वीतभर उंचीचं लाकडी स्टूल, आणि स्टुलाशेजारी छोटी बादली. पाट आणि तांब्या. बाई आधी स्टुलावर बसणार, साबण लावून घासून घासून अंग धुणार, बादलीने पाणी घेणार, आणि पुरती स्वच्छ झाल्यावर मग मोठ्या हौदात नुसती बसणार. इंग्लंडात येऊन दोन आठवड्यांनी तुला पहिल्यांदा अंघोळ म्हणजे काय ते ठाऊक असलेलं माणूस भेटलं होतं.

"ह्यांच्यात रीत हाय," तू म्हणालीस. हारुको-सान (सान म्हणजे आपलं 'बाई') वाकून नमस्कार करत होती. तूही हात जोडलेस, आणि तिची हारूबाई झाली ती कायमची.

हारुको-सानने नियम सांगितले, मी तुला मराठीत सांगितले. आधी अंग धुवायचं. केस वर बांधायचे. आणि पाण्यात कापड न्यायचं नाही, छोटा टॉवेलसुद्धा नाही, तो डोक्यावर ठेवायचा. कापड पाण्यात गेलं तर तिच्या नियमाप्रमाणे सगळं पाणी सोडून द्यायचं, हौद घासायचा, परत भरायचा.

"सगळं पाणी?" तू विचारलंस.

"सगळं."

"मग त्या दिवशी कुणालाच बसाया येत न्हाय?"

"नाही."

तू मान डोलावलीस. आई, हे तू दोनदा विचारलंस. माझ्या बाजूचा हा पहिला पुरावा.

हौद दोन होते. एक कडक गरम, सवयीच्या लोकांसाठी. दुसरा कोमट, म्हाताऱ्या आणि नवख्या बायकांसाठी. मी दोन्हीत तापमान मोजायचं मशीन बुडवलं. कोमट हौदात माझं मशीन अडतीस दाखवत होतं. भिंतीवरचा हारुको-सानचा काटा एक्केचाळीस दाखवत होता. मी तिला सांगितलं की तुमचा काटा जुना झालाय, बदलून घ्या. ती "हो, हो" म्हणाली. मी सांगितलेलं तिने ऐकलं, कारण माझ्या गळ्यात ओळखपत्र होतं.

काम संपलं, बायका यायला लागल्या. हारुको-सानने माझ्या पोटाकडे बघून विचारलं, थोडा वेळ बसणार का. माझी कंबर त्या दिवसांत अशी दुखायची की ऑफिसच्या खुर्चीतून उठताना मी टेबलाला धरायचे. मी विचारलं, जपानमध्ये गरोदर बायका बसतात का? ती म्हणाली, पूर्वी पाटीवर लिहिलेलं असायचं की बसू नये, मग ते पाटीवरून काढून टाकलं, आता बसतात, पण पाणी फार गरम नको आणि फार वेळ नको. आमच्या मिडवाइफनेही तेवढंच सांगितलं होतं. अंगाच्या उष्णतेच्या फार वर जाऊ नकोस. अडतीस म्हणजे चालण्यासारखं होतं. मोजणारी मी, शिकलेली मी.

मी अंग धुवायला बसले. तू साडी बदलायला तयार नव्हतीस, कपडे काढायला तर नाहीच. पण बायकांच्या अंगाचं तुला नवल नव्हतं. पदर खोचून तू त्या ओळीतून परीक्षक असल्यासारखी फिरत होतीस. एक सत्तरीची इंग्लिश बाई पाठीला हात पुरत नाही म्हणून कशीबशी घासत होती. तू तिच्या हातातलं फडकं घेतलंस आणि पाठ घासायला लागलीस. मी ओरडणार, तेवढ्यात ती बाई डोळे मिटून म्हणाली, "ओह, लव्हली." मग काय. तुला सर्टिफिकेट मिळालं.

मी उठून कोमट हौदाकडे निघाले. तू आधी पोचलीस. कठड्यावर वाकलीस, उजवं कोपर पाण्यात घातलंस, आणि तसंच ठेवलंस. हे मी लहानपणी शेकडो वेळा बघितलं होतं. बाळाच्या पाण्यात कोपर घालून तू कुणाचं तरी म्हणणं ऐकत असल्यासारखी मान कलती करायचीस.

"चटका हाय," तू म्हणालीस. "उतरायचं न्हाय."

"आई, अडतीस आहे. मी मोजलंय."

"कोपर न्हाय म्हणतंय."

"तुझं कोपर सर्टिफाइड आहे का?"

हे मी म्हणाले. सातव्या महिन्यात, अंगावर चिंधी नसताना, दहा-बारा बायकांसमोर.

"न्हाय," तू म्हणालीस. "पर ह्याच्या हाताखालनं एक बी पोर भाजून गेलं न्हाय."

तिथे मी थांबायला हवं होतं. थांबले नाही. मी म्हणाले, "ही मिरज नाही. इथे अंदाजाने काम चालत नाही. तुझं काम वेगळं, माझं काम वेगळं. मी शिकलेय ना यासाठी? की उगीच?"

तू माझ्याकडे बघितलंस. रागाने नाही. नवं घर धरलं की तिथल्या न्हाणीघराकडे बघायचीस तसं, निचरा कुठे आहे ते शोधत. आणि म्हणालीस, "बरं."

मग तू हौदाच्या पायरीवर पाऊल ठेवलंस, साडीसकट. दुसऱ्या पायरीवर बसलीस, कमरेपर्यंत पाण्यात. साडीत हवा भरून ती तुझ्याभोवती फुगली. ती जांभळी साडी, जिचा रंग जातो म्हणून तू ती नेहमी वेगळी धुवायचीस. बघता बघता हौदात वांग्याच्या रश्श्यासारखा रंग पसरत गेला.

सगळ्या बायकांचे हात थांबले. फक्त नळ चालू होता.

"पाय घसरला गं," तू म्हणालीस.

घसरलेली बाई पदर सावरून बसत नाही, आई. हा माझा दुसरा पुरावा. साडीचा रंग हा तिसरा.

हारुको-सान रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती वाकली, आणि खाली जाऊन हौदाचं बूच काढलं. बायकांना चहा देऊन परत पाठवलं. मी टॉवेल गुंडाळून स्टुलावर बसले होते आणि मला कळत नव्हतं की आधी कुणाची माफी मागू. मी तिथे लॅबची माणूस म्हणून आले होते. उद्या माझ्या बॉसला काय सांगणार होते? नमुने घेतले, तापमान घेतलं, आईने हौद रंगवला?

तुला मात्र काम मिळालं होतं. पाणी उतरल्यावर तू हारुको-सानच्या हातून ब्रश काढून घेतलास. मग ती दुसरा घेऊन आली. दोघी रिकाम्या हौदात उतरून फरशा घासायला लागलात. तू मराठीत बोलत होतीस, ती जपानीत. तू पायावर बाळ घेऊन न्हाऊ घालायची नक्कल करून दाखवलीस. पाय लांब केलेस, पायांच्या खोबणीत ब्रश आडवा ठेवलास, आणि एका हाताने त्याचं डोकं सांभाळत दुसऱ्या हाताने पाणी ओतलंस. ती हसून हसून कठड्याला टेकली. मी बाहेर बसून बघत होते. सात महिन्यांची, कंबरदुखीने बेजार, आणि दोघींनाही माझी काडीची गरज नव्हती.

परत येताना तू हारुको-सानचा निळा किमोनोसारखा झगा घालून पुढच्या सीटवर बसली होतीस. ओली साडी काळ्या पिशवीत पायाशी.

"तू मुद्दाम केलंस," मी म्हणाले.

"घसरले."

"आई."

"तुझं कॉलेज झालंय बाई. तुला सगळं कळतंय."

घरी संदीपने दार उघडलं. तुला त्या झग्यात बघून म्हणाला, "आई, कराटेचा क्लास लावला का?" आणि फ्रिजकडे गेला.

आता दुसरी बाजू. ही तुला मी कधी सांगितली नाही.

आमचं मशीन रोज सकाळी तपासायचं असतं. बर्फाच्या पाण्यात बुडवायचं, शून्य दाखवलं की ठीक. दोन मिनिटांचं काम. हे न करता कुणी ज्युनिअर बाहेर पडला तर मी त्याला सोलून काढते. त्या आठवड्याच्या सुरुवातीला ते मशीन माझ्या हातून कार पार्कमध्ये पडलं होतं. आणि गुरुवारी सकाळी, तुझ्या तेलापायी उशीर झाला म्हणून, मी ते न तपासता निघाले. म्हणजे बघ, ती चूकसुद्धा तुझ्याच डोक्यावर घालायची माझी तयारी होती.

शुक्रवारी सकाळी बर्फाच्या पाण्यात मशीनने उणे तीन दाखवलं. मी बर्फ बदलला. उणे तीन. दुसरं मशीन घातलं, शून्य. परत माझं, उणे तीन. अडतीस म्हणजे एक्केचाळीस होतं. हारुको-सानचा काटा बरोबर होता. तुझं कोपर बरोबर होतं. त्या खोलीत चूक एकटी मी होते, ओळखपत्रासकट.

मी त्या पाण्यात दहा मिनिटं बसले असते तर काय झालं असतं? कदाचित काहीच नाही. पण आधीचं एक राहिलं नव्हतं, आणि मी मला ओळखते. पुढे काहीही बरंवाईट झालं असतं तरी मी जन्मभर तोच आकडा मनात फिरवत बसले असते.

मी बॉसला सांगितलं. त्या आठवड्यातली सगळी तापमानं परत घेतली. हारुको-सानला जाऊन सांगितलं, तिची माफी मागितली. तिने हौदाचा हीटर दुरुस्त करून घेतला. सगळ्यांना सांगितलं. तुला नाही. का नाही? कारण तुला सांगितलं असतं तर तू मिरजेला फोन लावून अख्ख्या गल्लीला सांगितलं असतंस, असं मी स्वतःला समजावलं. खरं कारण असं की, गार पाण्याने अंघोळी करून मी जे मिळवलं ते त्या मशीनमध्ये होतं. ते चुकलं आणि तुझं कोपर बरोबर निघालं, तर मग मी मिळवलं काय, हे मला त्या वेळी कळेना.

ईरा जन्मली. सुखरूप, दिवस भरून. तू टबात पाय लांब करून बसलीस आणि तिला पायांवर घेतलंस. "ह्या हौदाचा काहीतरी उपेग झाला म्हणायचा," म्हणालीस. त्याच वेळी बाळाला बघायला हेल्थ व्हिजिटर आली, आणि बाथरूमच्या दारात उभी राहून तिने विचारलं, पाण्याचं तापमान कसं बघता? मी थर्मामीटर शोधायला निघाले. तू कोपर वर केलंस. ती म्हणाली, "परफेक्ट," आणि बॅगेतून लीफलेट काढलं. त्यावर चित्र होतं. बाळाचा टब, आणि पाण्यात बुडवलेलं एका बाईचं कोपर.

मी मनात म्हणाले, आता ही मला सोडत नाही. तू मात्र लीफलेटची घडी घातलीस आणि ब्लाउजमध्ये ठेवलीस. तो गप्पपणा जास्त लागला.

व्हिसा संपेपर्यंत तू दर गुरुवारी हारुको-सानकडे गेलीस. संदीप तुला सोडायचा. तू टॉवेलच्या घड्या घालायचीस, म्हाताऱ्या बायकांच्या पाठी घासायचीस. मग मिरजेला गेलीस, आणि चार वर्षं आपण फोनवर तेच भांडलो. मी म्हणायचे मुद्दाम, तू म्हणायचीस घसरले. ईरासुद्धा मध्ये तोंड घालायला शिकली, तिच्या इंग्लिश मराठीत. "आजी, तू खोटा बोलतोस का?" आणि तू तिला, "व्हय गं माझे राणी, तुझ्या आईवर गेलेय."

शेवटचा फोन तू जायच्या चार दिवस आधीचा. दम लागत होता तुला, म्हणालीस सर्दी आहे. मी नेहमीसारखी सुरू झाले.

"आता तरी सांग. मुद्दाम उतरलीस ना?"

"पाय घसरला." मग दम घेतलास. "त्या दिवशी तुझं मशिन बरोबर हुतं न्हवं?"

एवढ्या वर्षांत तू हे एकदाही विचारलं नव्हतंस.

"हो," मी म्हणाले. "बरोबर होतं."

"बरं," तू म्हणालीस. आणि मग, "जेवलीस का?"

हे आपलं शेवटचं बोलणं.

तुझी पेटी मी आवरली. आधार कार्ड, अण्णांचा फोटो आणि बी.एस्सी.च्या गुणपत्रिकेची झेरॉक्स एका प्लॅस्टिकच्या पिशवीत होती. त्यातच ते लीफलेट, आणि त्याच्या आत एक छोटा कागद. आकडे हाताने लिहिलेले. 38 वर फुली, खाली 41. आकडे इंग्रजी, अक्षर माझं नव्हतं, तुझं तर नाहीच.

परत आल्यावर मी हारुको-सानकडे गेले. तू गेलीस हे सांगितलं. तिने डोळे मिटले आणि स्वतःच्या कोपराला हात लावला. मी तो कागद पुढे ठेवला. ती म्हणाली, हो, मीच लिहिला. तुमचं मशीन चुकलं हे तुम्ही येऊन सांगितलंत, त्याच्या पुढच्या गुरुवारी. माझ्या हौदात पाणी गरम होतं, आणि तुमच्या आईने ओळखलं. माफी मागायला हवी होती, भाषा येत नव्हती, म्हणून लिहून दाखवलं.

"मग ती काय म्हणाली?"

हारुको-सानने ओठांवर बोट ठेवून दाखवलं. मग माझ्या दिशेने हात केला, आणि परत ओठांवर बोट.

आई, चार वर्षं तुला माहीत होतं. मी चुकले हे तुला माहीत होतं, मी लपवतेय हे तुला माहीत होतं, आणि तू हारूबाईला गप्प बसवून, रोज फोनवर माझ्याकडून 'मुद्दाम, मुद्दाम' ऐकून घेत राहिलीस. एकदा तोंडावर मारायचं होतंस ना ते. मी भांडले असते, दोन दिवस बोलले नसते, तिसऱ्या दिवशी कबूल केलं असतं. शेवटच्या फोनवर तू मला दार उघडून दिलंस आणि मी ते परत लावून घेतलं, आणि तू 'बरं' म्हणून माझ्या जेवणाची चौकशी केलीस. असं वागतात का कुणी? मी कुणाशी भांडू आता? संदीपशी भांडून बघितलं, तो फ्रिजकडे जातो.

तर घे. मशीन चुकीचं होतं. मी ते तपासलं नव्हतं. तुझं कोपर बरोबर होतं. तुझं काम आणि माझं काम एकच आहे, आणि ते मी तुझ्याकडून शिकले, कॉलेजात जायच्या आधी, लोकांच्या न्हाणीघराच्या उंबऱ्यावर अभ्यासाचं पुस्तक घेऊन बसल्या बसल्या. हे त्या दिवशी त्या बायकांसमोर म्हणायला हवं होतं. तू घसरलीस यावर मात्र माझा अजूनही विश्वास नाही, आणि तो बसणारही नाही.

हारुको-सानने आता तिसरा हौद बांधलाय, गरोदर बायकांसाठी. उथळ, बसायला पायरी, धरायला कठडा. पाणी किती ऊन हवं, किती वेळ बसायचं, कुणी आधी आपल्या मिडवाइफला विचारायचं, हे सगळं मी मिडवाइफशी बोलून लिहून दिलं. उघडण्याआधी दर गुरुवारी पाणी मीच तपासणार. सकाळी मशीन बर्फात घालून बघायचं, मग हौदात. मग बाही वर करून कोपर. फॉर्मवर कोपराचा रकाना नाही, म्हणून समासात पेन्सिलने लिहायचं. दोन्ही जुळलं तरच दार उघडायचं, असं आमचं ठरलंय.

काल त्या हौदाचा पहिला दिवस होता. दोन्ही जुळलं, आणि पाच जणी पाण्यात बसल्या.